कै. म. भुसारी यांच्या सौजन्याने

शाळेत दोन मिनिटांचं मौन चालू होतं, आणि ज्याच्यासाठी ते चालू होतं तोच माणूस फाटकापाशी स्कूटर लावून आत आला.

प्रार्थना झाली होती. पोट्टे रांगेत, माना खाली. कैलास भुसारी म्हणजे रोडवरच्या टाईल्सच्या दुकानाचे मालक. त्या दिवशी ते हेडमास्तरीण मॅडमला नळाच्या तोट्यांचे नमुने दाखवायला आले होते. सगळे गप्प उभे पाहून त्यांनी तोट्यांची पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, हात जोडले आणि माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. थोड्या वेळानं हळूच विचारलं,

"कोन गेलं, काका?"

मी म्हटलं, "बोर्डाप्रमाणं पाहिलं तं तुम्हीच."

आता हे कसं झालं ते सांगतो.

मी बोर्ड रंगवणारा. गुलाब पेंटर म्हणतात मला. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर चांगलं होतं म्हणून जन्मभर ब्रशवर पोट भरलं. मग फ्लेक्स आले आणि आमचा धंदा बसला. फ्लेक्स एका तासात निघतो आणि एका उन्हाळ्यात फाटतो. नागपूरच्या उन्हापुढं ऑईल पेंटच टिकतो. म्हणून ज्याला आपलं नाव टिकवायचं आहे तो अजूनही मला शोधत येतो.

माझं घर शाळेच्या भिंतीला लागून आहे. माझी बायको कौसल्या या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. शाळेत पोरींचा संडास होता, पण त्याला दार नव्हतं, पाणी नव्हतं, आणि आत जुने बेंच भरले होते. म्हणून मधल्या सुट्टीत पोरी आमच्या घरी यायच्या. कौसल्या दारात उभी राहून एकेकीला आत सोडायची. "लवकर निंघ वं, मांगे लाईन आहे," असं ओरडायची. माझ्या घराला असं वर्षानुवर्षं गिऱ्हाईक होतं.

गेल्या उन्हाळ्यात कौसल्या गेली. शाळा उघडली. पहिल्या दिवशी पोरी आल्या, मला खाटेवर एकटा बसलेला पाहिला, आणि "काही नाही, आजोबा" म्हणून परत गेल्या. मला उशिरा समजलं. बाई नसलेल्या घरात पोरी जात नाहीत, आणि त्यांच्या मायांनी तसं सांगितलं असेल तर त्यांचं चुकलं नाही. मग मी मधली सुट्टी झाली की दार उघडं टाकून समोरच्या पानठेल्यावर, घराकडं पाठ करून बसू लागलो. तरी पोरी येईनात. एक कुत्रा मात्र रोज यायला लागला. तो पोळ्या न्यायचा.

सातवीतल्या पोरी दिवसभर पाणी पिणं टाळायच्या. मग दोघीतिघींनी शाळेत येणंच सोडलं. कौसल्या असती तर तिनं त्यांच्या घरी जाऊन भांडण केलं असतं. मला ते जमत नाही. मी हेडमास्तरीण बाईंना, ढोके मॅडमना, जाऊन म्हटलं, "मॅडम, संडासाचं काही करा. नाही तं तुमच्या शाळेत फक्त पोट्टेच राहतील."

त्या म्हणाल्या, "काका, मी नुकतीच ट्रेनिंगला जाऊन आले. तिथं सांगितलंय, लोकल बिझनेसशी पार्टनरशिप करा."

ही पार्टनरशिप काय असते ते मी पुढं जवळून पाहिलं, म्हणून सांगू शकतो. शाळेनं दुकानदाराला काही मागायचं, दुकानदारानं शाळेला काही मागायचं, आणि शेवटी दोघांनी मिळून फोटो काढायचा.

मॅडम दारोदार फिरल्या. चक्कीवाल्यानं फळा दिला. त्याची अट एकच. गणितात गहू दळायचं उदाहरण आलं की चक्कीचं नाव त्याचंच पाहिजे. कोचिंग क्लासवाल्यानं पंखे दिले आणि प्रत्येक पात्यावर आपला फोटो चिकटवला. पंखा फिरला की फोटो दिसत नाही हे त्याच्या नंतर लक्षात आलं. मग त्यानं लिहून मागितलं की पाहुणे आले की पंखे बंद ठेवावे. बुटीबोरीच्या एका कंपनीची माणसं गाडी घेऊन आली. त्यांनी हात कसे धुवावे याचा रंगीत चार्ट दिला. शाळेत नळ नव्हता.

या सगळ्यांची नावं मीच रंगवली. फळ्यावर चक्की, पंख्याखाली क्लास, चार्टखाली कंपनी. संडासावर नाव टाकायला मात्र कोणी तयार नव्हतं. तसा रिवाजच आहे आपल्याकडं. देवळाच्या पायरीवर नाव चालतं, बसस्टॉपच्या बाकावर चालतं, पाण्याच्या टाकीवर तर भांडणं होतात. संडासावर कोणाचं नाव पाहिलं का तुम्ही?

शेवटी मॅडम मला घेऊन कैलास भुसारींच्या दुकानात गेल्या. शेठ ऐकून घेऊन म्हणाले, "बांधून देतो. सीट माझी, टाईल्स माझ्या, मिस्त्री माझा, दरवाजा, टाकी सगळं. पण नाव फाटकावर पाहिजे."

मी म्हटलं, "शेठ, तुमच्या दुकानात तं नावाच्या बोर्डाखाली रांगेनं कमोड मांडून ठेवले आहे. मंग तिथंच नाव टाकाले काहून लाजता?"

"काका, तो धंदा आहे. हे नाव आहे."

मॅडमनी माझा सदरा मागून ओढला. सौदा ठरला. काम सुरू झालं.

आता माझ्या कामाचं सांगतो. फाटकाच्या वर सिमेंटची एक पट्टी होती. आधी ती घासायची, मग तिच्यावर पांढरा रंग द्यायचा, त्याला आम्ही ग्राउंड म्हणतो. मग खडू लावलेली दोरी ताणून सोडायची, म्हणजे सरळ रेघ उमटते. मग अक्षरं. चालत्या गाडीवरच्या माणसाला वाचता यावं असं वाटत असेल तर अक्षर एक वीत उंच पाहिजे. शेठना ते तसंच पाहिजे होतं. पण पट्टी आखूड. 'कैलासराव मधुकरराव भुसारी' एक वीत उंचीनं लिहायला गेलो तर 'भुसारी' फाटकाच्या बाहेर, शेजारच्या लिंबाच्या झाडावर जात होता.

"अक्षर लहान करतो," मी म्हटलं.

"अक्षर लहान नाही करायचं. नाव लहान करा," शेठ म्हणाले. "बँकेत मी के. एम. भुसारी लिहितो. तसंच मराठीत टाका."

मी टाकलं. 'कै. म. भुसारी यांच्या सौजन्याने.' लाल अक्षर, खाली काळी सावली. शेठनी रोडच्या पलीकडं जाऊन पाहिलं आणि खूश झाले. मॅडमनी फोटो काढला.

आमच्यापैकी कोणाला काही खटकलं नाही. आम्हा तिघांना माणूस माहीत होता. माणूस माहीत असला की बोर्ड कोणी वाचत नाही, नुसता पाहतो. आणि माझं म्हणाल तर माझ्या घरात भिंतीवरच्या फोटोखाली 'कै. सौ. कौसल्या' मीच लिहिलेलं आहे. रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसतो. माझ्या डोळ्याला तो 'कै.' खुपणं तेव्हाच बंद झालं होतं.

रोडवरच्या लोकांना मात्र खुपला. इंग्रजीतला के. एम. जिवंत असतो, मराठीतला कै. म. मेलेला असतो. कैलासवासी.

मधे रविवार आला. तेवढ्यात शेठ गेल्याची बातमी मौद्याला शेठच्या सासुरवाडीपर्यंत गेली. सोमवारी शाळेत वर्ध्याकडून नवीन आलेले एक सर प्रार्थना घेत होते. त्यांनी येताना फाटकावरचा बोर्ड वाचला, चांगल्या मनानं पोरांना सांगितलं की शाळेला संडास देणारे दानशूर आता आपल्यात नाहीत, आणि मौन ठेवलं. मॅडम ऑफिसात फोनवर होत्या. मी ब्रश धुवायला नळ शोधत होतो. नळ नव्हता हे विसरलो होतो. परत आलो तर सगळ्यांच्या माना खाली.

पुढचं तुम्हाला सांगितलंच. मी "तुम्हीच" म्हटल्यावर शेठनी मान वळवून बोर्डाकडं पाहिलं. पाहतच राहिले. मौन संपलं. सर म्हणाले, "त्यांच्या आत्म्यास शांती लाभो."

शेठ ओरडले, "कायची शांती?"

पोट्टे हसले. नवीन सरांना घाम फुटला. मॅडम ऑफिसातून धावत आल्या. "भुसारीसाहेब, चुकून झालं, आजच पुसून घेते."

"पुसाच! आणि काम बंद! मिस्त्रीले मी आत्ता बोलावून घेतो."

"अहो, आता फक्त दरवाजा आणि पाण्याचं राहिलंय. पोरी विचारतात रोज."

"मी मेलो न, मॅडम? मंग मेलेला माणूस दरवाजा कसा देईन?"

गेले. तोट्यांची पिशवीही घेऊन गेले. फाटकावरचं नाव मी त्याच दुपारी पांढरं केलं. संडास तसाच राहिला. टाईल्स चकचकीत, सीट नवी, दार नाही, पाणी नाही. दार नसलं तर तो संडास नसतो, ती नुसती भिंत असते.

मॅडमनी फोन केले. शेठ उचलत नव्हते. मला म्हणाल्या, "काका, तुम्ही जा. तुमच्यावर ओरडतील, पण निदान बोलतील तरी."

दुसऱ्या दिवशी गेलो. दुकानात शेठ खुर्चीवर मोबाईल घेऊन बसलेले, आणि बाजूला त्यांच्या बायको. वहिनींनी मला पाहिलं आणि सुरू झाल्या.

"या, पेंटर काका! आनखी कोनाले मारता? माझी मावशी मौद्यावरून रडत आली, आमच्या यायनं सोता दार उघडलं तं तिले चक्कर आली. रोडनं निंघाले तं बाया आधी माझ्या गळ्यात मंगळसूत्र पाहतात, मंग बोलतात!"

शेठ म्हणाले, "गिऱ्हाईक दारातून परत जाऊन राहिले. मोरबीच्या टाईल्स कंपनीवाल्यानं फोन करून विचारलं, दुकान आता कोन पाहते म्हणून. मी बोललो, मीच पाहतो. तं म्हणे, मीच म्हणजे कोन?"

मी म्हटलं, "शेठ, याचा इलाज एकच आहे. सगळ्या रोडले दिसन असं पूर्ण नाव लिहाचं. पुढं श्री लावून."

"मंग लिहा न! नाही कोन म्हणते?"

"जागा नाही. फाटकाची पट्टी आखूड. कंपाउंडच्या भिंतीवर स्वच्छतेचे सरकारी नारे आहे, ते मोडता येत नाही. वर्गाच्या भिंती आतल्या बाजूले आहे. रोडकडं तोंड असलेली, लांब, उंच, कोरी भिंत शाळेत एकच आहे."

"कोनती?"

मी रांगेनं मांडलेल्या कमोडांकडं पाहिलं. त्यांना समजलं.

"संडासाची?"

"हव."

"नाही म्हणजे नाही!"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं, शेठना पाहिलं, थबकलं, आणि घाबरून वहिनींना विचारलं, "हे... बरे आहे का?"

वहिनी उठल्या. म्हणाल्या, "लिहा काका तिथंच. अहो, फाटकावर मेलेलं राहन्यापरीस संडासावर जिवंत राहा!"

शेठनी मोबाईल उपडा ठेवला. मग म्हणाले, "दोन अटी. 'संडास' हा शब्द त्या भिंतीवर कुठंच नाही पाहिजे. आनि नावाखाली 'हयात' लिहा."

"शेठ, श्री लावला की हयातच असते माणूस."

"लिहा म्हणतो न मी!"

लिहिलं. दार आणि टाकी आली तेव्हाच ब्रश उचलला, तेवढं मी शिकलो होतो. अख्खी भिंत, हातभर उंच अक्षर. 'श्री. कैलासराव मधुकरराव भुसारी'. खाली लहान, 'हयात'. रोडच्या शेवटच्या टोकावरून दिसते. शेठ आता रोज तिकडून स्कूटर नेतात आणि तिथं वेग कमी करतात. चक्कीवाला मला विचारत होता की संडासाची दुसरी बाजू कोरी आहे का.

अट पाळायची म्हणून दारावर काही लिहिलं नाही. मग पोरींनी जे भिंतीवर होतं तेच नाव धरलं. आता भर वर्गात एखादी पोरगी उभी राहते आणि विचारते, "मॅडम, कैलासले जाऊन येऊ?" पहिल्या वेळी ढोके मॅडमच्या हातातला खडू पडला होता. आता त्या फळ्याकडं तोंड करूनच म्हणतात, "जा, लवकर ये."

घरी बसणाऱ्या पोरीही परत आल्या. मधल्या सुट्टीत माझ्याकडं आता कोणी येत नाही. कुत्राही येत नाही, मी दार लावून घेतो. पण पानठेल्यावर जाऊन बसायची सवय राहिली. तिथून शाळेतलं ऐकू येतं. "कैलासले चालली का वं? थांब, मी पन!" जातात, हसत परत येतात. माझी गेली ती आली नाही. या सगळ्या पाच मिनिटांत येतात.

शाळावाल्यांना माझं एकच सांगणं आहे. पार्टनरशिप जरूर करा, पण दुकानदाराचं पूर्ण नाव विचारून घ्या आणि आधी भिंत मोजा. फोटो नंतर.