झाकणाखालची डाळ मिल

दोन हजार सहाच्या सतरा मार्चला अमरावतीच्या आमच्या कृषी कॉलेजात, जळालेल्या मोटरचे तीन हजार दोनशे रुपये वसूल करायचं ठरलं. हजर तिघं: प्राचार्य, स्टोअरचा क्लार्क मी, आणि ज्यांच्या पगारातून कापायचे ते वर्कशॉपात शिकवणारे चाचा. वसुलीचा हुकूम ऐकून खूश झालेला माणूस मी जन्मात एकच पाहिला. "मोटर जळली म्हंजे मशीन चालली, साहेब," ते म्हणाले. "कागदावर तरी आलं!"

ती मशीन म्हणजे मिनी डाळ मिल. आली त्या दिवशी हार घालून झाकून ठेवली. तपासणी आली की झाकण काढायचं, गेली की चढवायचं. पाच वर्षं माझ्या रजिस्टरात ती 'सुस्थितीत' होती आणि मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. शेवटी चाचांनी ती स्वतःच्या सहीवर वर्कशॉपसाठी उचलली. मला म्हणाले, "बाबू, मशीन झाकून ठेवली तं गंजते, अन् पोरं झाकून ठेवली तं तुमच्यावानी बाबू होतात." ते हजेरी तळहात पाहून घेत, तेल लागलेला हात तेवढा हजर. कापसाला भाव नव्हता, घरोघरी पोरं नोकरीचे फॉर्म भरत होती, आणि हे विचारत, "डाळ किती निंगाली, चुरी किती गेली?" भरडलेली डाळ ज्यानं त्यानं कॉलेजच्या फाटकावर विकायची. जी खपली नाही तिची खिचडी स्वतः शिजवून ती भरडणाऱ्या विद्यार्थ्यालाच खाऊ घालत आणि दर घासाला म्हणत, "खा, नफा खा आपला."

मोटर जळली ती धामणगाव रेल्वे या गावाहून शिकायला आलेल्या वंदनाच्या हातून. ती घरची तूर भरडत होती. रडत म्हणाली, "चाचा, मले नाही जमत. तलाठ्याचा फॉर्मच बरा."

"जळालेली मोटर खोलता येते तुले?"

"नाही."

"मंग गिरणी कोणाच्या भरोशावर टाकशीन, बेटा? घे पाना."

तिनं मोटर खोलली. 'हयगय माझी' असं चाचांनी लिहून दिलं. वर्षभरात ते निवृत्त झाले आणि झाकण पुन्हा चढलं. चढवलं मीच.

त्यानंतरच्या दसऱ्याला वंदनानं धामणगावात स्वतःची डाळ मिल सुरू केली. चाचा आणि मी गेलो. तिनं पाकीट पुढं केलं, "चाचा, मोटरचे."

"ते माही फी होती. मी बी तं शिकलो." पाकीट त्यांनी तिच्या गल्ल्यात ठेवलं. "बोहनी झाली काय?"

"नाही अजून."

"मंग किलोभर तोल. भाव कमी करू नको."

तिनं डोळे पुसत तोललं. काटा थरथरत किलोच्या वर गेला तसे चाचांनी जास्तीचे दोन दाणे पोत्यात परत टाकायला लावले. मग पंचेचाळीस रुपये दिले. रोख, वंदनाला.