कॉन्ट्रॅक्टवरचा फोन आणि शब्बोचा निकाह

तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो, हातातला चहाचा कप खाली ठेवा. मागे हाच किस्सा सांगताना एका पाहुण्याने माझ्या सोफ्यावर अख्खा कप सांडला होता आणि तो डाग अजून गेलेला नाही. गाढवपणा माझ्या हातून पुष्कळ झालाय. पण दोहाच्या विमानतळावर, पासपोर्टच्या काउंटरसमोर उभं राहून मी जो केला, त्याला तोड नाही.

मला एक खोड आहे. तुलना केल्याशिवाय मला वस्तू घेता येत नाही. टोमॅटो घ्यायचे तरी आम्ही राहतो त्या ओल्ड एअरपोर्ट भागातली निम्मी दुकानं पालथी घालतो आणि शेवटी घराखालच्या दुकानातून घेतो, कारण तोवर बाकीची बंद झालेली असतात. माझी बायको नसीम म्हणते, लग्नाआधी या माणसाने माझी तुलना किती जणींशी केली असेल अल्ला जाणे. मी दोहातल्याच मुशैरिब भागात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे ही खोड मी हुशारी म्हणून खपवतो.

तर झालं असं की गावाला, दापोलीजवळ, माझ्या धाकट्या बहिणीचा, शब्बोचा निकाह ठरला. घरात आनंदीआनंद, पण अब्बा पलंगावर. वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्यांना फार वेळ बसवत नाही. निकाह जमातखान्यात, म्हणजे जमातीच्या हॉलमध्ये, तिथं चढायला जिना. त्यांच्या जागी मोठे चाचा बसणार होते. सगळ्यात लाडकी लेक, आणि तिचाच निकाह बापाला बघायला मिळणार नाही. फोनवर बोलताना त्यांचा आवाज जड झाला आणि मी भावनेच्या भरात बोलून गेलो, "अब्बा, काळजी करू नका. मी नवीन फोन घेऊन येतो. तुम्हाला पलंगावर पडल्या पडल्या काझीपासून सगळा निकाह लाइव्ह दाखवतो."

बोलून तर गेलो. माझा जुना फोन असा होता की व्हिडिओ कॉल लावला की समोरच्याचं तोंड उघडं राहून चित्र थिजायचं. मग नवा घेणं आलंच. आणि नवा फोन घ्यायचा म्हणजे प्रश्न आला, रोख घ्यायचा की कॉन्ट्रॅक्टवर?

इथं कसं असतं, रोख घेतला तर पैसे एकदम जातात आणि फोन त्या क्षणी तुमचा. कॉन्ट्रॅक्टवर घेतला तर सुरुवातीला काही नाही, दोन वर्षं महिन्याला हप्ता, त्यातच नेट आणि बोलणं. रोखीचे पैसे माझ्याकडे होते बरं का. पण सरळ देऊन मोकळा झालो तर तो मी कसला? दुकानांमागून दुकानं झाली, कोष्टकं झाली, ऑफिसात दोघांशी वाद झाला. शेवटी सिद्ध झालं की कॉन्ट्रॅक्टवर घेतला तर दोन वर्षांत माझी एका बिर्याणीएवढी बचत होते. एका माणसाच्या बिर्याणीएवढी. नसीमला सांगितलं तर ती म्हणाली, मग आजच खाऊन टाका आणि विषय संपवा.

मी कॉन्ट्रॅक्टवर सही करून आलो. काय सांगू तो रुबाब. शुक्रवारी जेवायला दळवीभाऊ आले, त्यांच्यासमोर फोन मुद्दाम ताटाशेजारी ठेवला.

दळवीभाऊ म्हणजे संगमेश्वरचे. अल खोरच्या कंपनी बसवर ड्रायव्हर आहेत, बायकामुलं गावाला, म्हणून शुक्रवारी आमच्याकडेच जेवतात. बसमध्ये रोज चाळीसेक माणसं बोलत असतात, त्यामुळे कतारमधली कुठलीही बातमी आधी दळवीभाऊंकडे येते. त्यांनी फोन उलटा करून बघितला आणि काळजीने विचारलं, "भाई, हा तुमच्या आयडीवर, कॉन्ट्रॅक्टवर आहे ना? मग सुट्टीवर कसे जाणार?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

तर त्यांच्या बसमधल्या कोणाच्या तरी ओळखीचा एक माणूस होता. त्याचा फोन कॉन्ट्रॅक्टवर होता आणि त्याला विमानतळावरून परत पाठवलं. का, ते दळवीभाऊंना माहीत नव्हतं. मी फोन ताटाशेजारून उचलून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात चौकशी केली आणि तीच चूक झाली. एकाने सांगितलं, त्या माणसाला विमानात बसल्यावर उतरवलं. दुसऱ्याने सांगितलं, विमान धावपट्टीवरून मागे आणलं. संध्याकाळपर्यंत तो माणूस तुरुंगात जाऊन आला होता आणि त्याचं लग्नही मोडलं होतं. कोणीही त्याला बघितलेलं नव्हतं. त्याने हप्तेच भरले नव्हते का, एवढा साधा प्रश्न मला सुचायला हवा होता, पण माझ्या डोळ्यांसमोर पलंगावरून दाराकडे बघणारे अब्बा उभे राहिले आणि डोकं चालेनासं झालं.

मी दुकानात धाव घेतली. काउंटरवरचा पोरगा हसून म्हणाला, "नो प्रॉब्लेम सर. हप्ते वेळेवर भरा आणि खुशाल जा." आता आखातात राहिलेल्या माणसाला विचारा, 'नो प्रॉब्लेम' ऐकलं की समजायचं, प्रॉब्लेम नक्की आहे. मी पुढचे काही हप्ते आगाऊ भरले. रात्री पुन्हा शंका आली. दुसऱ्या दिवशी जाऊन आणखी भरले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हटलं, सगळेच घेऊन टाका. तो पोरगा अगदी अदबीने म्हणाला, "सर, सगळे एकदम भरायचे होते तर फोन कॅशमध्ये का नाही घेतला?"

आगाऊ भरायचे तेवढे भरून घरी आलो.

निघायच्या दिवशी दळवीभाऊ स्वतःची सुट्टी मोडून मला, नसीमला आणि आमच्या मुलीला, झोयाला, सोडायला आले. बातमी आपण दिली याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. बॅगा उतरवून देताना म्हणाले, "भाई, विमान उडेपर्यंत मी इथनं हलणार नाय. काय झालं तर वहिनीला आणि झोयाला मी घरी नेतो." माणूस धीर द्यायला म्हणून बोलला, पण मी तिथंच नसीमच्या हातात घराची किल्ली देऊन टाकली.

माझ्या काखेत एक फाईल होती. त्यात फोनची पावती, कॉन्ट्रॅक्ट, भरलेल्या हप्त्यांचे कागद. पिशवीत फोनचा रिकामा खोकासुद्धा होता, पुरावा म्हणून. बॅगा द्यायच्या काउंटरवर सगळं पुन्हा एकदा मांडून तपासलं, गोळा केलं आणि पासपोर्टच्या रांगेकडे निघालो. आमची झोया माझी बाही ओढायला लागली. ती इंग्लिश शाळेतली, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये.

"पपा, युअर फोन..."

मी तिला दटावलंच. "श्श! इथं फोनचं नाव काढायचं नाही."

"बट पपा..."

"एकदा सांगितलं ना?"

आईकडे बघून तिने खांदे उडवले.

काउंटरवर एक तरुण कतारी अधिकारी होता, पांढराशुभ्र पोशाख, चेहरा शांत. त्याने पासपोर्ट घेतला, काही टाइप केलं. तेवढ्यात त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. तो अरबीत काहीतरी बोलला, मध्येच माझ्याकडे बघितलं, पासपोर्टवरचं नाव वाचून दाखवलं. मग रिसीव्हर ठेवला आणि मला विचारलं, "मोबाईल? वेर इज युअर मोबाईल?"

संपलं. मी मनात कलमा म्हटला.

आणि मग माझं तोंड जे सुटलं ते सुटलं. मी म्हटलं, सर, मोबाईल कॉन्ट्रॅक्टवर आहे, मी कबूल करतो, पण मी पळून चाललेलो नाही. फाईल उघडून त्याच्यासमोर कागद पसरले. हा हप्ता, हा पुढचा, हा त्याच्या पुढचा. इंग्लिश संपलं तेव्हा हिंदी सुरू केलं. बहिणीचा निकाह सांगितला, अब्बांचा झटका सांगितला, रोख आणि कॉन्ट्रॅक्टमधला फरक सांगितला, बिर्याणीसुद्धा सांगितली. तो हात वर करून काही बोलायला बघत होता, पण मी त्याला बोलू देईन तर ना? शेवटी मी म्हटलं, "साहेब, ही माझी बायको, ही मुलगी. यांना जाऊ द्या, मला ठेवा. फक्त अब्बांना निकाह दाखवायला कोणीतरी पाहिजे."

शेजारच्या काउंटरवरचा अधिकारी काम थांबवून ऐकायला लागला होता. मागची रांग तर कधीचीच ऐकत होती. नसीम म्हणाली, "तुमी जरा गप बसा, ते काय विचारतायत ते तरी ऐका." पण मला कुठलं ऐकू येतंय.

तेवढ्यात मागून विमान कंपनीची एक मुलगी धापा टाकत आली. तिच्या हातात माझा नवा कोरा फोन होता. बॅगांच्या काउंटरवर कागद मांडताना मी तो तिथंच ठेवला होता. फोनची पावती होती, कॉन्ट्रॅक्ट होतं, रिकामा खोका होता. फोन तेवढा नव्हता. तिनेच त्या अधिकाऱ्याला कळवलं होतं की असा असा प्रवासी आला तर त्याला थांबवा, त्याचा मोबाईल राहिलाय.

झोया म्हणाली, "आय वॉज टेलिंग यू."

त्या अधिकाऱ्याने मनात आणलं असतं तर रांग अडवली म्हणून मला झाडू शकला असता. त्याने माझे सगळे कागद स्वतःच्या हाताने गोळा करून फाईलमध्ये लावून दिले. हसू आवरत होता, पण मला हसत नव्हता, हे मी आजही विसरलेलो नाही. मग मोडक्या हिंदीत म्हणाला की त्याच्या ड्रायव्हरलाही फोन घ्यायचा आहे, तर कसा घ्यावा, कॅश की कॉन्ट्रॅक्ट?

मी तोंड उघडणार, त्याच्या आत नसीम म्हणाली, "कॅश, साब. पैसा एक दिन जाता है, नींद तो नहीं जाती."

शेजारच्या काउंटरवरचा टेबलावर हात आपटून हसला. आमच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट परत दिले, म्हणाला, "खलास. यल्ला, सिस्टरको मबरूक बोलो." म्हणजे झालं, निघा आता, बहिणीला मुबारक सांगा. मी त्याला इतक्या वेळा शुक्रन म्हटलं की शेवटी नसीमने मला ओढून नेलं. दळवीभाऊंना फोन केला, तर ते खरंच अजून पार्किंगमध्ये उभे होते, आणि माझ्याआधी तेच रडायला लागले. अशी माणसं परक्या मुलखात मिळाली, यासाठी मी अल्लाचे किती आभार मानू?

गावात पोचलो. आता असा किस्सा पोटात राहतो का? पहिल्या दिवशी मोहल्ल्यातल्या घराघरात जाऊन सांगितला. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, त्यांना सांगितला. मंडपवाल्याला सांगितला. पलंगाजवळून जाता येता अब्बांना म्हणायचो, "अब्बा, बस आलोच." ते मान हलवायचे.

निकाहाचा दिवस उजाडला. अब्बांजवळ फुफू, म्हणजे माझी आत्या, तिच्या मुलाचा मोठा टॅब घेऊन बसली. मी जमातखान्यात कॉल लावला, चित्र लख्ख, आवाज लख्ख. गर्दी एवढी की फोन डोक्याच्या वर धरावा लागला. फोनचा पडदा मला दिसत नव्हता, पण हात जरासुद्धा हलू दिला नाही. काझीसाहेबांनी खुतबा वाचला, नवऱ्या मुलाने कबूल म्हटलं, दुआ झाली, खजूर वाटले. फोनमधून घरच्यांचा गलका येत होता. मला वाटलं, अब्बांना आनंद आवरत नाहीय. माझे डोळे भरून आले. दुखणारा हात मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला, पण खाली केला नाही.

घरी पळत आलो. पलंगाशी वाकून म्हटलं, "अब्बा, बघितलात ना सगळा?"

फुफू टॅब बाजूला ठेवत म्हणाली, "अरे, घसा सुकला वरडून, फिरव फिरव. कॅमेरा तुज्या बाजूला होता. आमाला सगला वेल तुजंच तोंड दिसत होतं."

ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं, तेच राहिलं. मी अब्बांचा हात धरून माफी मागायला लागलो. अब्बा मात्र माझ्याकडे बघून हसत होते. जीभ अजून जड आहे त्यांची, सावकाश बोलतात.

म्हणाले, "असू दे. निकाह लय बघितले मी. तू आलास तेव्हापासना माझ्याजवल घटकाभर तरी बसलास? आज तासभर डोले भरून तुला बघितला. चांगला फोन घेतलास."

मी तिथंच पलंगाच्या कडेला बसलो. रोख तपासलं, कॉन्ट्रॅक्ट तपासलं, हप्ता तपासला, सगळ्या दोहाची दुकानं तपासली मी. अब्बांजवळ बसायला एक पैसाही पडत नाही, हे तेवढं तपासायचं राहून गेलं होतं.