झेंडूच्या हाराची तार

कर्जत स्टेशनाबाहेर माझं गॅरेज होतं, म्हणजे पत्र्याखाली एक बाकडं आणि माझा तोंडाळपणा. पुढच्या शॉकअपचं तेल गळतंय म्हणून कुणी आलं की मी आधी त्याची अक्कल काढायचो, मग गाडी खोलायचो. आता तेल गळणारी गाडी दिसली की दुसरीकडे बघतो.

ऐंशीनंतरची गोष्ट. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, कशेळ्याच्या शाळेत मास्तर होता. त्यानं नवी मोटारसायकल घेतली. जुन्या गाड्यांसारखी तिच्या शॉकअपवर पत्र्याची झाकणं नव्हती, चकचकीत पाईप उघडेच होते. दसऱ्याला आईनं तिला झेंडूचा हार घातला. दोरा वाऱ्यानं तुटतो म्हणून हार बारीक तारेत ओवला आणि दोन्ही पाईपांना पीळ देऊन आवळला. फुलं वाळून कडकडीत झाली तरी दादानं तो काढला नाही. आईच्या हातचा हार कोण काढणार!

दिवाळीआधी डाव्या पाईपवर तेल दिसू लागलं. मी हार तोडून टाकला, शॉकअप खोलला, पाईपभोवती तेल अडवणारं रबरी कडं, म्हणजे नवं ऑइल सील बसवलं. आठ दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा सील बदललं आणि सील बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. माझ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, सील बसवण्याआधी पाईपवरून नख फिरवायचं; नख अडकलं तर तिथं ओरखडा आहे, तो नवं सीलही कापणार. दोन्ही वेळा मी नख फिरवलं नाही. सणाची गर्दी होती, आणि भावाची गाडी म्हणजे घरचंच काम.

गळलेलं तेल पुढच्या चाकाच्या ब्रेकमध्ये उतरलं. कशेळ्याच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली, दादानं ब्रेक दाबला, तो लागलाच नाही. पाय मांडीत मोडला आणि जुळला तो आखूडच.

मोडकी गाडी माझ्याकडे आणली तेव्हा मी पाईपवरून नख फिरवलं. हार होता तिथंच अडकलं. तारेचा ओरखडा, केसाएवढा.

आईनं विचारलं, "कशानं झालं रं?"

"माझंच काम कच्चं राहिलं," मी म्हणालो. ते खोटंही नव्हतं. दादानं लगेच खरं मानलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, त्याच्याकडं गाडी देऊ नका. एका घरात राहून ते सोसवत नव्हतं. कितीदा वाटलं, सगळं सांगून मोकळं व्हावं. पण निदान आई तरी सुटली, एवढंच मी धरून होतो.

पुढच्या दसऱ्याला ती माझ्या गाडीला हार घालायला आली. हातात तशीच बारीक तार.

"आई, सुतळीनं बांध," मी पटकन बोलून गेलो.

"सुतळी टिकत नाय रं. तारेनं काय होतंय?"

हसून एखादी थाप मारायला हवी होती. एवढा तोंडाळ मी, पण त्याआधीच माझा अंगठा आपसूक पाईपवर गेला, दादाच्या गाडीला ओरखडा होता त्याच जागी. आई आधी अंगठ्याकडं बघत राहिली, मग तारेकडं.

"दादाच्या गाडीला मीच बांधली व्हती," ती म्हणाली.

मी नाही नाही म्हणालो, पण उशिरा. वर्षभर सांभाळलेलं मी एका वाक्यात घालवलं होतं.

त्यानंतर तिनं कुठल्याच गाडीला हार घातला नाही. दादाची लंगडती पावलं अंगणात वाजली की ती उठायची आणि आत चुलीपाशी जाऊन बसायची.