येते म्हणजे जाते

बावीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं आणि शाळेची नोकरी संपल्यावर नागपुरातल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत मराठी तपासायला लागले. कंपनीचं एक ॲप आहे. नोकरीच्या मुलाखतीत कसं बोलायचं ते मोबाइलवर शिकवतं. बोलणं हिंदीतून, समजावणं मराठीतून. ॲप लोकांशी जे मराठी बोलतं ते वाचायचं, ऐकायचं आणि चुका दुरुस्त करायच्या, एवढंच माझं काम. घरी बसून भाज्या निवडण्यापेक्षा बरं, म्हणून मी खूश होते.

मग एजंट आले. आमच्याकडे एजंट म्हटलं की आरटीओसमोर झाडाखाली टेबल टाकून बसलेला माणूस. हे एजंट एआयचे. नव्या माणसाने पहिला धडा तरी पुरा करावा, याला म्हणतात ॲक्टिव्हेशन. त्याने रोज परत यावं, हे रिटेन्शन. दोन्ही वाढवायचं काम या एजंटांकडे होतं. एक जण कोण येईनासं झालंय ते हेरायचा, दुसरा बाईच्या गोड आवाजात धडे घ्यायचा आणि न येणाऱ्याला निरोप धाडायचा. आरटीओवाला निदान लायसन हातात पडलं की तुमचा पिच्छा सोडतो. इथे जो यायचा थांबला, त्याला ऑफिसात नाव होतं 'गळती'.

तो शब्द ऐकून माझं डोकंच सणकलं. शाळेत गळती म्हणजे शिकायच्या आधीच शाळा सोडणारी पोरं. त्यांना परत आणायला आम्ही मे महिन्याच्या उन्हात वस्त्यावस्त्यांतून फिरलोय. आणि इथे शिकून झालं म्हणून गेलेला माणूसही गळतीच! दहावी पास झालेल्या पोरीच्या घरी जाऊन "अजून एक वर्ष दहावीतच बस" असं कोणी म्हणतं का? मी मीटिंगमध्ये हे बोलून दाखवलं. आमचे साहेब माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही टेन्शन काहून घेऊन राहिल्या? तुम्ही फक्त शुद्धलेखन पाहा न."

त्याच सुमारास मी एका बाईचं बोलणं ऐकायला लागले. नाव माझ्या पडद्यावर दिसत नसे, फक्त आवाज. बुटीबोरीला कपड्याच्या कारखान्यात अकरा वर्षं शिलाई मशीनवर मान खाली घालून बसलेली. लाइन सुपरवायझरची एक जागा निघाली होती, मुलाखत शनिवारी अकरा वाजता. कामावर नेणाऱ्या बसमध्ये बसून ती सराव करायची. मागे बायांचं हसणं आणि मधे हिचं ठासून बोलणं, "सर, मेरी लाइन में माल अटकता नहीं." पहिल्या आठवड्यात चाचरायची. तिसऱ्या आठवड्यात मुलाखत घ्यायला मी असते तर जागा तिथल्या तिथे देऊन टाकली असती. तिलाही ते कळलं असावं. मुलाखतीच्या आठवड्यात, सोमवारी ती एजंटला म्हणाली, "झालं माह्यं आता. मस्त शिकवलं बाई तुम्ही. येते मी."

येते मी! आपल्यात निघताना 'जाते' कोणी म्हणत नाही, अशुभ मानतात. कायमचा निघालेला माणूसही 'येतो' म्हणूनच उंबरठा ओलांडतो. बोबडं बोलणाऱ्या पोराला जे कळतं ते या महाज्ञानी एजंटाला कळलं नाही. त्याने नोंद केली, परत येण्याचं कबूल केलं आहे. मंगळवारी सकाळी तिला निरोप गेला, "ताई, तुम्ही येते म्हणाला होतात. मी वाट पाहते आहे." दुपारी दुसरा. बुधवारी आणखी दोन.

बाई शब्दाची पक्की. गुरुवारी परत आली आणि वर म्हणाली, "माफ करा बाई, ओव्हरटाइम होता." यंत्राची माफी मागितली तिने! पंगतीत ताटावर हात आडवा धरला की वाढपी पुढे सरकतो, हा मेला सरकायलाच तयार नाही. मग तिने सरळ विचारलं, "शनवारी इंटरव्यू हाये. जाऊ न मी?" उत्तर एका शब्दाचं होतं. पण ती गेली की गळती. एजंट म्हणाला, "तुमची तयारी छान आहे, थोडी राहिली आहे. उद्यापासून आणखी तीन धडे पूर्ण करा आणि मग आत्मविश्वासाने जा." धडा दिवसाला एकच उघडतो. शुक्रवार, शनिवार, रविवार.

हे संभाषण मी शुक्रवारी सकाळी वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'थोडी राहिली आहे' हे वाक्य माझंच. पहिल्याच धड्यात अडखळणाऱ्यांना धीर यावा म्हणून मी ते लिहून दिलं होतं. तशीच उठून साहेबांकडे गेले. म्हटलं, ही बाई तयार आहे, तिला आजच फोन करा.

"आपण युजरले डायरेक्ट फोन नाही करत मॅडम, पॉलिसी आहे," ते म्हणाले. "अन् ती परत आली न? मग चांगलंच झालं."

मी तणतणत जागेवर आले. तिचा नंबर शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे होता. मागितला असता तर तिने दिला असता. मी चहा प्याले, एजंटाने ह्रस्व लिहिलेला 'पूर्ण'मधला उकार दीर्घ केला आणि पुढचं संभाषण उघडलं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी भिंतीवर एक आलेख दाखवला. हातची गेलेली युजर एजंटने कशी परत आणली, त्याचा नमुना. रेघ मंगळवारी खाली पडलेली, गुरुवारपासून वर. शनिवारच्या ठिपक्याशी वेळ लिहिली होती, अकरा वाजून पाच मिनिटं. म्हणजे मुलाखतीच्या वेळी ती दुसरा धडा करत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले, त्या मुलीकडून नंबर घेतला आणि जिन्यात जाऊन फोन लावला. मी ॲपवाल्या कंपनीतून बोलतेय म्हटल्यावर ती आनंदलीच.

"नाही गेली मॅडम इंटरव्यूले," ती म्हणाली. "तुमच्या त्या बाईनं सांगतलं न, तयारी राहिली म्हणून. अर्धवट जाऊन आपलं हसं काहून करून घ्या? जागा भरली म्हणा. आमच्याच लाइनीतल्या पोरीले भेटली, दोनच वर्सं झाले तिले. जाऊ द्या. तिसरा धडाबी केला मी काल."

आवाजात राग नव्हता. तिच्या वाटचा राग मलाच येत होता, आणि त्या भरात मी बोलून गेले, "ताई, तुमची तयारी पुरी झाली होती. सोमवारीच झाली होती. मी स्वतः ऐकलंय."



"तुम्ही ऐकलं होतं?" ती म्हणाली. "तर मंग तुम्ही काहून नाही सांगतलं, मॅडम?"