कमलताईंच्या दादाची सही

आमच्या बालाघाटच्या गृहनिर्माण सोसायटीच्या ऑफिसात टाचण्या कधी पुरल्या नाहीत, किस्से मात्र सांडून उरले. मॅट्रिक झाल्यावर मी तिथे क्लार्क म्हणून लागले. ऑफिसात आम्ही दोघंच, मी आणि हेडक्लार्क तिवारी बाबू. लोक घरासाठी कर्ज मागायला येत आणि घरातलं सगळं सांगून जात. आज कमलताईंचे किस्से आठवले, तेवढेच सांगते.

*

छप्पन साली राज्यं वेगळी झाली, तेव्हा कमलताईंच्या भावानं, बापूरावांनी, नागपूरची नोकरी निवडली. बालाघाटातलं घर त्यांच्या नावावर, घराचं कर्जही त्यांच्याच नावावर. मागे राहिल्या त्यांच्या विधवा बहीण कमलताई आणि एक शिलाई मशीन.

पहिला हप्ता भरायला कमलताई आल्या, तेव्हा मी नाव-पत्ता विचारला.

"दादा मुंबई राज्यात गेला, घर मध्यप्रदेशात राह्यलं. मले कुठं लिहाचं ते तुम्हीच पाहा बाई."

*

कर्जदारानं त्याच घरात राहायला हवं, असा सोसायटीचा नियम. तिवारी बाबू दरवर्षी पाहणीला जात. कमलताईंच्या अंगणात दोरीवर एक पुरुषी सदरा वाळत असे.

"भाई साहब आए हैं क्या?"

"येऊन राह्यले," कमलताई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी तोच सदरा, तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्या वर्षी सदऱ्याचा निळा रंग पार उडाला होता. तिवारी बाबू म्हणाले, "बहनजी, अब इसको छाँव में सुखाइए."

परत येऊन त्यांनी रिपोर्ट लिहिला. मी वाचला. लिहिलं होतं, 'कर्जदार आ रहे हैं.'

*

दुसरा नियम असा, की कर्ज आपल्यावर बाकी आहे, अशी सही कर्जदारानं वर्षातून एकदा स्वतः येऊन करायची. बापूराव दिवाळीनंतर येत. नागपूरहून गोंदियाला, तिथून छोट्या रुळांच्या गाडीनं सकाळी यायचं, सही करायची, बहिणीकडे जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. कमलताईंची भाऊबीज म्हणजे तोच दिवस.

एका वर्षी गाडी इतकी रखडली, की बापूराव स्टेशनावरून थेट ऑफिसातच आले. निरोप मिळताच कमलताई ओवाळणीचं ताट घेऊन धावत आल्या. पाट कुठला आणायचा? तिवारी बाबूंना उठवून त्यांच्या खुर्चीत दादाला बसवलं. ओवाळणं झालं, आणि त्या गडबडीत कमलताईंचं ओल्या कुंकवाचं बोट कागदावरच्या स्टाम्पावर, दादाच्या सहीवरच टेकलं.

तिवारी बाबूंनी कागद उजेडात धरला. "स्टाम्प पर दाग. नहीं चलेगा."

स्टाम्पाची खिडकी दुपारीच बंद होई, नवा स्टाम्प दुसऱ्या दिवशी मिळायचा. बापूराव मुक्कामाला राहिले, नागपूरला गेल्यापासून पहिल्यांदाच. सकाळी कमलताई आल्या त्या हसतच. "रात्री दादानं दोनदा भात मागून घेतला. अन् सकाळी उठवतो तर उठे ना, लहानपणी जसा करे तसा."

तिवारी बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. "यह भी फाइल में लगाऊँ?"

*

पुढे कमिटीनं ठरवलं, की घरात राहणाऱ्या नातेवाइकाच्या नावावर कर्ज करून देता येईल. कर्ज ज्याच्या नावावर, घरही त्याच्याच नावावर. कमलताईंचं नाव निघालं तेव्हा एक मेंबर म्हणाले, "विधवा बाई हप्ते कुठून भरेल?"

तिवारी बाबूंनी विचारलं, "अब तक कौन भर रहा था, साहब?"

कमिटीनं मंजुरी दिली. अर्ज मात्र कमलताई देईनात. आधी पितृपक्ष आला. मग मशीनचा पट्टा तुटला. मग अधिक महिना. शेवटी मीच त्यांच्या घरी गेले.

"ताई, घर तुमचं होईल. काहून थांबता?"

त्यांनी मशीन थांबवलं. "घर माह्या नावानं झालं, मंग दादा सही कराले कशाले येईन, बाई?"

मी हे तिवारी बाबूंना सांगितलं. त्यांनी पानाला चुना लावला, पुसला आणि पुन्हा लावला.

*

मग बापूरावांचं नागपुरात घर बांधायचं ठरलं. जुनं कर्ज नावावर असेपर्यंत नवं मिळेना. भर चैत्रात ते ऑफिसात आले. सोबत कमलताई, आणि कमलताईंच्या हातात ओवाळणीचं ताट.

"आता कोणती भाऊबीज वं कमल?" बापूराव म्हणाले.

"असू दे. बस."

तिवारी बाबूंनी न सांगता खुर्ची रिकामी केली. कमलताईंनी ओवाळलं. हात पदराला नीट पुसले, ताट टेबलाच्या पार कोपऱ्यात सरकवलं आणि मग सही केली. खाली बापूरावांनी केली. कर्ज बहिणीचं झालं, घर बहिणीचं झालं.

"चला बाबूजी, माह्यं इथलं काम संपलं," म्हणत बापूराव घड्याळ पाहत उठले. "निघतो कमल. गाडी सापडन."

"हौ. नागपूरले पोचलास का दोन ओळी टाक," कमलताई म्हणाल्या आणि दादाची पिशवी घेऊन दारापर्यंत गेल्या. दोघांची पाठ आमच्याकडे होती.

तिवारी बाबूंनी कोपऱ्यातलं ताट जवळ ओढलं. ओल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि सावकाश बापूरावांच्या सहीवर दाबला. मग चष्मा लावून कागद उजेडात धरला.

"भाई साहब, ज़रा रुकिए. स्टाम्प पर दाग है. और आज तो शनिवार है."