समुद्र डाव्या हाताला

मुंबईला कसं जावं याविषयी आमच्या साडूंकडं जितकी निरुपयोगी माहिती आहे, तितकी अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडं नसेल. गेल्या फाल्गुनात एका सोमवारी सकाळी या माहितीपायी मी टॅक्सीला दोनशे नव्वद रुपये मोजले. टॅक्सीत मी, माझी पत्नी सुमन आणि खुद्द साडू असे तिघे होतो.

साडू बदनापूरचे, सुमनच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे यजमान. अक्का गेल्यापासून एकटेच असतात आणि मुंबईला निघालेला माणूस हुडकत फिरतात. सापडला की त्याची सुटका नाही. गाडीत इंजिनाकडं पाठ करून बसायचं. खायला धपाटेच न्यायचे, पोळ्या नाही. नवी चप्पल घालायची नाही. दादरला उतरायचं नाही, कारण काहीही असो. हसनाबादच्या एका पाहुण्यांना त्यांनी हे इतकं पटवलं, की फलाटावर न्यायला आलेल्या पोटच्या मुलीला खिडकीतून हात करून ते पुढं निघून गेले. साडूंना विचारलं, तर म्हणाले, "मंग? पोचले ना सुखरूप?"

आणि पाणी. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो. त्यातलं पाच लिटर कॅनमध्ये भरून, समुद्राच्या काठी वसलेल्या आणि रोज नळ येणाऱ्या शहरात न्यायचं! कॅन उचलायचा मी. साडू फक्त झाकण घट्ट आहे का ते बघणार.

त्या सोमवारी सुमनच्या हृदयाची झडप दाखवायला परळच्या दवाखान्यात दहाची वेळ होती. ती चुकली तर पुढची तारीख दीड महिन्यानं, आणि तिला तर जिना चढतानाही धाप लागत होती. मी साडूंना बोलावलं नव्हतं. ते बदनापूरला गाडीत चढलेच. मुंबईत उतरल्यावर टॅक्सीत पुढं बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "समुंदर डावीकडं ठेवा."

"परेल सीधा है, चाचा."

"सीधा बिलकुल न्हाई. समुंदर डावीकडं."

ड्रायव्हरला काय, मीटर पळत होतं. साडूंनी टॅक्सी थांबवायला लावली ती भलत्याच दवाखान्याच्या फाटकासमोर.

"आलं बराबर," साडू म्हणाले.

मी डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या नाकासमोर धरली. "साडूभाऊ, हे वाचा. परळ लिहिलंय! पावणेदहा झाले. तुमच्या या समुद्रापायी हिचा नंबर जाणार!"

ते चिठ्ठीकडं बघेचनात. फाटकाकडं बघत राहिले.

"सुमनच्या अक्काला इथंच आणल्तं," ते म्हणाले. "आपल्याकडचे डॉक्टर म्हणल्ते, न्हाई जमायचं. इथून मात्र आपल्या पायानं चालत बाहेर आली. नऊ वर्षं जगली. तव्हा घरचं पाणी आणल्तं, धपाटे आणल्ते, इंजिनाकडं पाठ करून आल्तो, समुद्र डाव्या हाताला होता. आता त्यातलं नेमकं काय कामी आलं, मला काय माहीत? म्हणून मी काहीच सोडत न्हाई."

सुमन मागून एवढंच म्हणाली, "चला दाजी, उशीर होतोय."

परळला पोचेपर्यंत नंबर गेला होताच. हातापाया पडून शेवटी, दुपारी, आत घेतलं. झडप बदलायची ठरली.

पुढच्या महिन्यात ऑपरेशनला निघालो तेव्हा साडूंना ताप होता. बदनापूर स्टेशनवर त्यांच्या शेजाऱ्यानं खिडकीतून कॅन आत दिला, तोंडापर्यंत भरलेला. झाकण मीच तपासलं.

मुंबईत टॅक्सीवाल्यानं विचारलं, "सीधा लूँ?"

सुमन माझ्याकडं बघत होती.

"नहीं," मी म्हणालो. "समुंदर की तरफ से लो. बाएँ हाथ पे रहना चाहिए."

सरळ रस्त्यानं एकशे नव्वद झाले असते. मीटर दोनशे चाळीसवर थांबलं. तेवढे टॅक्सीवाल्याला दिले.