भिंतीवरचे दोन शब्द

पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मी रांगेत उभा होतो, तेव्हा मुकुंदाच्या बायकोचा, सरोजावहिनींचा फोन आला. मुकुंदा सकाळी गेला होता. दाखला न देताच मी त्याच्या घराकडची, तिरुवल्लिकेणीची बस धरली. तेराव्या दिवशी वहिनी जमलेल्यांना म्हणाल्या, “माणूस सरळ होता. जन्मात एकदाच लोभ झाला त्यांना, त्या जाहिरातीच्या वेळी...” मी मान खाली घालून जेवत राहिलो. तो लोभ मुकुंदाचा नव्हता. पंधरा वर्षं मी ते सांगितलं नाही, म्हणून आता लिहितो आहे.

आम्ही दोघं तंजावरकडचे, एकाच शाळेतले. मी सरकारी कारकून झालो. त्याने ढेकूण, झुरळं आणि वाळवी मारण्याचा परवाना काढला. गल्लीतल्या मॅन्शनांमधून, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या इमारतींमधून, एकटे राहणारे नोकरदार आणि त्यांच्या गाद्यांतले ढेकूण, हे त्याचं राज्य. फवारणीआधी तो घरात लहान मूल कोण, माशांची काचेची पेटी कुठे, हे विचारायचा आणि निघताना गच्चीकडे बोट दाखवून सांगायचा, “आज कावळ्याला रोजचा भात ठेवू नका. उद्या दोन घास जास्त घाला.” लोक हसायचे. तो हसायचा नाही.

मोठ्या कंपन्या आल्या तशी त्याची कामं घटली. त्याने घराच्या कुंपणभिंतीवर जाहिरात रंगवायचं ठरवलं आणि मजकूर मला दाखवला: नाव, कामं, परवाना क्रमांक. मी म्हटलं, “ही जाहिरात आहे की रेशनकार्ड?” आणि खाली तमिळमध्ये दोन शब्द घातले: पूर्ण निर्धोक. तो म्हणाला, “विषाला निर्धोक कसं म्हणू रे?” मी म्हटलं, “सगळे म्हणतात. आणि आमच्या विभागात कोण बसलंय? मीच ना?” त्याने कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, “सरि, बरं. तू सांगतोस म्हणून.”

माझं टेबल परवाना विभागातच होतं. परवानाधारकाने जाहिरातीत औषध निर्धोक असल्याचा दावा करायचा नाही, सरकारची शिफारस आहे असं भासवायचं नाही, हा नियम मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नोटिशींत लिहीत आलो होतो. पण गल्लीतली भिंत कोण बघतो, असं मला वाटलं. माझं अक्षर चांगलं म्हणून मजकूर मीच लिहून दिला आणि पेंटरने माझा कागद समोर धरून अक्षरन् अक्षर तसंच उतरवलं.

कोणीतरी फोटोसकट तक्रार केली. फाइल माझ्याच टेबलावर आली. साहेब म्हणाले, “टिप्पणी लिहा.” माझी बढती तोंडावर होती, मुलीचं लग्न ठरत होतं. मी लिहिलं: जाहिरात लोकांची दिशाभूल करणारी आहे, परवाना निलंबित करावा. माझेच शब्द, माझंच पेन, आणि शिक्षा त्याला.

सुनावणीला तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मजकूर कोणाचा, असं साहेबांनी विचारलं. मी शेजारी फाइल धरून बसलो होतो. तो म्हणाला, “माझाच, सर.” बाहेर जिन्यात मी त्याला गाठलं, आत जाऊन खरं सांगतो म्हटलं. “आता सांगून काय होणार?” तो म्हणाला. “माझा परवाना जाईलच. तुझी नोकरी कशाला घालवायची? एक तरी घर नीट राहू दे. परवा इल्लै.” काही हरकत नाही, एवढंच. त्याने मला सोडवलं असं तेव्हा वाटलं. खरं तर त्या जिन्यावरच मी अडकलो.

सहा महिन्यांनी परवाना परत मिळाला, तोवर मॅन्शनवाले दुसरीकडे गेले होते. मुकुंदा लांब पेरुंगुडीच्या अपार्टमेंटांमधून एका कंपनीचा गणवेश घालून फवारू लागला. संध्याकाळी आम्ही समुद्रावर बसायचो. मी विषय काढायला तोंड उघडलं की तो म्हणायचा, “सुंडल घे, गार होईल.” मी ते उकडलेले हरभरे चावायला लागायचो. वहिनी त्याला माझ्यासमोर टोमणे मारायच्या, “बघा, तुमच्या मित्राला हाव सुटली.” तो हसून उठायचा आणि मला कॉफी आणायचा. ती कॉफी मी पंधरा वर्षं प्यायलो.

नोटिशीनंतर त्याने स्वतः चुना मारून ते दोन शब्द झाकले. पावसाने चुना उडायचा, अक्षरं वर यायची; दरवर्षी भोगीला, घरं साफ करून रंगवतात तेव्हा, तो पुन्हा चुना मारायचा. मला वाटायचं, तो स्वतःची लाज झाकतो आहे.

परवा वहिनींनी बोलावलं. “भोगी जवळ आली. यंदा तेवढं तुम्ही झाकून द्या.” मी बादली घेऊन भिंतीपाशी गेलो. चुना पोपडे धरून गळला होता. शब्दांवर ऊन पडलं होतं, आणि पहिल्या अक्षराचा तो लांबवलेला फराटा दिसला... मी शाळेपासून तो तसाच ओढतो. इतकी वर्षं मुकुंदा काय झाकत होता, ते मला तेव्हा कळलं.

कुंचला ठेवला आणि वहिनींना खाली बोलावलं. म्हटलं, “हे अक्षर बघा.” त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकांवरचे पत्ते मीच लिहिले होते; ते वळण त्यांच्या ओळखीचं होतं. त्या भिंतीजवळ गेल्या, फराट्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “त्यांना मी काय काय बोलले, ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं,” मी म्हणालो.

त्या आत गेल्या. कॉफीसाठी हाक आली नाही. चुन्याची बादली तशीच ठेवून मी निघालो. यंदा भिंत तशीच आहे.